मच्छिंद्रनं भरलेला मांडव

श्रीगोंद्यात कुणाचं लग्न ठरलं की आधी तारीख, मग आचारी आणि मग मच्छिंद्र, हा क्रम अजून तरी मोडलेला नाही. आता ड्रोन उडवणारी पोरं आली, नवरा-नवरीला उसाच्या फडातून पळायला लावणारे आले, पण घरातल्या जुन्या माणसांना विचाराल तर ती म्हणतील, "त्या मच्छिंद्रलाच सांगा बाबा." कारण सरळ आहे. मच्छिंद्रच्या फिल्ममध्ये कुणीही वाईट दिसत नाही.

तसा माणूस दिसायला काही खास नाही. पन्नाशीचा, अंगानं बारीक, दहा खिशांचं जाकीट आणि त्या दहाही खिशांत काहीतरी शोधत असलेले दोन हात. पण एकदा का तो काँप्युटरपुढं बसला की मग देवानं केलेल्या चुका दुरुस्त करायला मोकळा. नवरीच्या गालावरची पुटकुळी जाई, नवऱ्याच्या डोक्यावर चार केस जास्त येत, मांडवामागचा विजेचा खांब गायब होई. मानपानावरून चिडून बसलेला मामा मच्छिंद्रच्या हातून सुटला की हसतच बाहेर पडे. जेवणावरून झालेली भांडणं, बँडवाल्यांशी झालेली हमरीतुमरी, झिंगलेले पाहुणे, यातलं काही म्हणून त्याच्या फिल्ममध्ये सापडायचं नाही. सगळ्यावर गाणी, गुलाबाच्या पाकळ्या आणि मधेच उडणारी दोन कबुतरं. एका नवरदेवाच्या नाकावरचा मस त्यानं इतका सफाईनं पुसला, की त्या पोराच्या आजीनं फिल्म बघून विचारलं, "ह्यो कोन?"

"लगीन एका दिवसाचं असतंय," मच्छिंद्र म्हणायचा, "पन फिल्म जलमभर बघायची असती. मग ती चांगलीच दिसाय नको?"

आता यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. माणूस बिचारा लोकांना सुखात ठेवत होता.

एकच खोड होती. त्याला काही टाकवत नसे. फिल्म तयार झाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं, की बाकीचे लोक कच्चं शूटिंग पुसून तीच जागा पुन्हा वापरतात. हा गडी सगळं हार्ड डिस्कवर उतरवून, वर चिठ्ठी चिकटवून, दुकानामागच्या घरातल्या लोखंडी कपाटात ठेवायचा. त्याची बायको छबूबाई हिनं ते कपाट साड्यांसाठी म्हणून माहेराहून आणलेलं. "माझ्या साड्या खुंटीला आन लोकांची लग्नं कपाटात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मच्छिंद्र हसून सोडून द्यायचा. ते कच्चं शूटिंग मात्र त्यानं कुणाला दाखवलं नाही. त्याच्या लेखी ते म्हणजे तोंड न धुतलेलं माणूस. असं माणूस चारचौघांत आणायचं नसतं.

तर या मच्छिंद्रवर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली ती सविताच्या लग्नापायी.

सविताचं लग्न पहिल्या लॉकडाऊनमधलं, मे महिन्यातलं. तारीख आधीच ठरलेली, आणि तिच्या वडिलांना, हनुमंतरावांना, ती पुढं ढकलायची नव्हती. वस्तीवरची कांद्याची चाळ झाडून घेतली आणि तिच्यापुढं मांडव घातला. मांडव मोठा, माणसं मूठभर. सविताचे आईवडील, तोंडाला फडकं बांधलेले भटजी, नवरदेव आदिनाथ, त्याची आई भामाबाई आणि थोरला भाऊ ज्ञानेश्वर. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. हनुमंतरावांची ही एकुलती एक लेक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला हा माणूस. आपल्या पोरीच्या लग्नाला सगळी पंचक्रोशी जेवेल असं त्यानं मनात धरलेलं. त्या दिवशी जेवायला वाढायची वेळ झाली आणि हातात जिलबीची परात घेऊन तो उभाच राहिला. वाढायचं कुणाला?

मच्छिंद्रनं ते कॅमेऱ्यातून पाहिलं.

निघताना हनुमंतरावांनी त्याला बाजूला घेतलं. "मच्छिंद्र, पोरीचा मांडव लई सुना दिसतोय रं. ती जलमभर ह्येच बघनार."

"न्हाई बघनार," मच्छिंद्र म्हणाला. "सुना मांडव कुनालाच दिसनार न्हाई. माझा सबूद."

आणि त्यानं शब्द पाळला. कपाटातली जुनी लग्नं काढली आणि सविताचा मांडव भरला. इथल्या बायका, तिथली पोरं, कुठला तरी बँड. अक्षता टाकणारे शेकडो हात. आणि पंगत घेतली ती घोडेगावच्या एका दणदणीत लग्नातली, आमटी-भाताची, जिलब्यांची, पानापुढं माणूस माणसाला खेटून बसलेली. रंग असा जुळवला की कांद्याच्या चाळीपुढंच ती पंगत बसली आहे असं वाटावं. लग्नातला आवाज काढून टाकला आणि सगळीकडं गाणी घातली. सप्तपदी लांबली होती, ती कापून दोन पावलांवर आणली आणि त्यावर पाकळ्या सोडल्या.

हनुमंतरावांनी फिल्म बघितली आणि लहान मुलासारखे रडले. सविताला अर्थातच कळलं. स्वतःच्या लग्नाला कोण होतं आणि कोण नव्हतं हे नवरीला कळत नाही होय? पण बापाचं तोंड बघून ती म्हणाली, "बापू, केवढी गर्दी झाली हो." पुढं पुढं तर घरात ती फिल्म लागली की त्या परक्या माणसांची ओळख पटायला लागली. ही हिरव्या साडीतली सारखी पदर सावरते. तो पोरगा दोनदा पळत जातो. आणि पंगतीत मधोमध बसलेले ते भरघोस मिशांचे आजोबा, जिलबीवर जिलबी घेतात. पाच-सहा वेळा बघून झाल्यावर ती माणसं सविताच्या लग्नाचीच पाहुणी झाली. ती खोटी आहेत हे घरात कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या साथीत हनुमंतराव गेले. लग्न लावणारे भटजीही गेले. लग्नाची नोंद करायची राहूनच गेली होती. लॉकडाऊनमध्ये कचेऱ्या बंद, आणि उघडल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ. सविता आणि आदिनाथ केडगावात खोली घेऊन राहात. तो नगरच्या एमआयडीसीत कामाला होता. संसार चांगला चालला होता. मूलबाळ अजून नव्हतं. मग पुणे रोडवर एका टेम्पोनं आदिनाथची मोटारसायकल उडवली आणि सगळं संपलं.

दहावा झाला, तेरावा झाला, आणि वारस म्हणून नाव लावायची वेळ आली तेव्हा थोरला ज्ञानेश्वर म्हणाला, कसलं लग्न? सुपारी फुटली होती, बाकी लॉकडाऊनमुळं राहिलं. दोघं शहरात एकत्र राहात असतील, आमच्या घरात लग्न झालेलं नाही. तो तसा काळ्या काळजाचा माणूस नव्हता. जमिनीला वाटेकरी होईल या धास्तीनं त्याची मती फिरली. भामाबाई थोरल्याच्या आश्रयाला. लग्न झालंच नाही असा कागद त्यानं पुढं केला, तिनं अंगठा दिला.

सवितानं तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला. तिचं मागणं एवढंच, की मी आदिनाथची लग्नाची बायको आहे असं कोर्टानं म्हणावं. आई साक्षीला तयार होती, पण पोरीची आई पोरीच्याच बाजूनं बोलणार असं समोरचे म्हणणार हे उघड होतं. मग राहिली ती मच्छिंद्रची फिल्म.

सविताच्या वकील वृषालीताई. वयानं तरुण, बोलायला तिखट, कामाला चोख. त्या स्वतः मच्छिंद्रच्या दुकानात आल्या.

"हे बघा, मोबाईलमधलं, हार्ड डिस्कवरचं, पेन ड्राइव्हमधलं, कायदा आता हे सगळं कागदासारखाच पुरावा मानतो," त्या म्हणाल्या. "पण कागदावर खाडाखोड केली तर दिसते. फाईलमध्ये दिसत नाही. म्हणून सोबत प्रमाणपत्र लागतं. कुठल्या यंत्रावर घेतलं, ते कुणाच्या ताब्यात होतं, त्यात काही फेरफार झालाय का. पहिल्या भागावर तुमची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. आणि फाईलचा हॅश."

"त्यो आनि काय?"

"फाईलचा अंगठा म्हणा. यंत्रच काढतं, आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. फाईलमध्ये तुम्ही एक पाकळी इकडची तिकडं केलीत तरी अंगठा बदलतो. म्हणजे लगेच कळतं."

आयुष्यभर मच्छिंद्र पाकळ्याच इकडच्या तिकडं करत आला होता.

"या फिल्ममध्ये काय काय केलंय?"

"गानी घातली. फुलं सोडली. रंग जरा उजळ केला."

"त्याशिवाय?"

हनुमंतरावांचा जिलबीची परात धरलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला. "न्हाई," तो म्हणाला.

"मूळ शूटिंग आहे? तेच मिळालं तर सगळ्यात बरं."

"कच्चं कोन ठिवतंय, ताई."

आतल्या खोलीत छबूबाईनं भांडं आपटलं. वृषालीताईंनी सुस्कारा सोडला. जे आहे त्यावर भागवावं लागेल म्हणाल्या आणि गाणी, फुलं, रंग एवढं लिहून, बाकी काही फेरफार नाही अशा प्रमाणपत्रावर त्यांनी त्याची सही घेतली. मच्छिंद्रला वाटलं, लग्न तर खरंच झालंय. मग चार पाहुणे जास्त दिसले तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते कोर्टात. साक्षीला तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. पडद्यावर फिल्म लागली. समोरचे वकील शांतपणे बघत होते आणि पंगत आली तसे म्हणाले, "थांबवा. हे मधले मिशीवाले गृहस्थ कोण?"

मच्छिंद्रचे हात शर्टाला नसलेले खिसे शोधू लागले.

"मी सांगतो. हे घोडेगावच्या बाजारातले छगनतात्या. बैलांचे व्यापारी. अर्ध्या जिल्ह्यानं यांच्याकडून बैल घेतलेत. हयात आहेत का?"

"न्हाई. वारले."

"कधी?"

"लॉकडाऊनच्या आधी. वरीसभर तरी आधी."

"म्हणजे तात्या वारले, आणि वर्षभरानं या लग्नात जिलबी खाऊन गेले."

सगळं कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचा पोलीससुद्धा हसला. मच्छिंद्रचं सगळं आयुष्य माणसांना हसवण्यात गेलं, पण असं हसणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. वकिलांनी मग पुढचं काढलं. सप्तपदीची पावलं दोनच का? आवाज कुठं आहे? ज्या फिल्ममध्ये मेलेली माणसं जेवतात, तिच्यातलं लग्न तरी खरं कशावरून? नवरा-नवरीसुद्धा अशीच जोडून बसवली नसतील कशावरून?

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "फेरफार नाही असं तुम्ही लिहून दिलंय. कोर्टापुढं खोटं प्रमाणपत्र देणं हा गुन्हा आहे, हे माहीत आहे ना?"

मच्छिंद्र हो म्हणाला की नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

बाहेर आल्यावर वृषालीताईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की झाडाखाली बसलेले पक्षकार उठून ऐकायला आले. "अहो, तुम्ही तिचं खरं लग्न खोटं करून ठेवलंत," त्या म्हणाल्या, आणि चप्पल वाजवत निघून गेल्या. सविता त्याच्याकडं न बघता आईचा हात धरून एसटी स्टँडकडं चालू लागली.

घरी छबूबाईनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली. ती कडाडून बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी सविता एकटीच दुकानात आली. स्टुलावर बसली. पाणी दिलं ते प्यायली. बराच वेळ भिंतीवरच्या नवऱ्या-नवरदेवांचे फोटो बघत राहिली आणि मग म्हणाली, "मच्छिंद्रदादा, माझं लग्न झालं होतं ना? तुम्ही होता ना तिथं?"

मच्छिंद्रला हुंदका आवरेना. "हुतो की गं. सगळं बगितलंय मी." आणि मग त्यानं सांगून टाकलं. कच्चं शूटिंग आहे. कपाटात आहे. "पन तुझ्या बापाला सबूद दिला हुता. सुना मांडव कुनाला दाखवनार न्हाई म्हनलो हुतो."

सवितानं डोळे पुसले. "बापू गेले, दादा. हे पण गेले. आता मी आहे. सुना तर सुना, पण मांडव माझा आहे. तो दाखवा."

छबूबाईनं सांगायची वाट न बघता कपाट उघडलं आणि चिठ्ठ्या वाचत वाचत ती हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली.

आता स्वभाव काही असा पटकन जात नाही. वृषालीताई आल्या तेव्हा मच्छिंद्र चाचरत म्हणाला, "ताई, जनरेटरची घरघर लई हाय त्यात. तेवढी काढू का? आनि ऊन जरा..."

"हात लावू नका," वृषालीताई म्हणाल्या. "घरघर राहू द्या, ऊन राहू द्या, माश्या असल्या तर माश्याही राहू द्या. कोर्टाला ते आहे तसंच हवंय."

नगरहून तज्ज्ञ आले. त्यांनी हार्ड डिस्क जोडली, मूळ फाईलचा हॅश काढला, प्रत केली, प्रतीचा काढला. दोन्ही ओळी एकसारख्या. ती लांबलचक ओळ मच्छिंद्र कितीतरी वेळ बघत बसला. आपण केलेल्या कामाला अंगठा असतो आणि तो आपल्याला न विचारता खरं बोलतो, हे त्याला नवं होतं. डिस्क पाकिटात घालून सील केली. या वेळी प्रमाणपत्राचा शब्दन् शब्द त्यानं वाचून घेतला आणि मगच सही केली.

पण ते कोर्टात लागण्याआधी दुसरं एक काम होतं. पुढच्या तारखेला त्याला पिंजऱ्यात उभं राहून, आधीचं प्रमाणपत्र खोटं होतं हे कबूल करावं लागलं. दुकानातली दोन ठरलेली लग्नं या बोभाट्यानं आधीच गेली होती. छगनतात्यांचा किस्सा तालुकाभर झाला होता, टपरीवर त्याला बघून लोक म्हणत, "काय मच्छिंद्र, आज कुनाला जेवू घातलंस?" त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. घोडेगावची पंगत, दुसरीकडचा बँड, हनुमंतरावांची परात.

"हे का केलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मांडव सुना हुता, साहेब. बघवंना."

बाईंनी समोरच्या कागदावर काही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते मी निकालाच्या वेळी बघेन. मूळ रेकॉर्ड लावा."

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, उशिरा आलं म्हणाले. बाईंनी ती नोंदवून घेतली आणि हॅश जुळतो का ते आधी तपासायला लावलं. जुळला. मग पडदा उजळला.

ना गाणं, ना पाकळी. मे महिन्याचं पांढरंफटक ऊन आणि जनरेटरची घरघर. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. एक कुत्रं मांडवातून निवांत चालत गेलं. सविताची आई बसल्या जागी रडायला लागली. मच्छिंद्रला स्वतःचं उघडं अंग चारचौघांत दाखवल्यासारखं झालं. पण मग त्याच्या लक्षात आलं, की एरवीच्या लग्नात अक्षता पडल्या की त्याला सत्कारांकडं, पुढाऱ्यांकडं, पंगतीकडं पळावं लागे, सप्तपदीला कॅमेरा जाग्यावर सापडतच नसे. इथं बघायला दुसरं काही नव्हतंच. म्हणून कॅमेरा नवरा-नवरीवरून हललाच नव्हता. होम पेटलेला दिसत होता. भटजींचे मंत्र फडक्यातून अर्धवट ऐकू येत होते. करवली नव्हती, म्हणून उपरण्याची आणि शालूची गाठ भामाबाईच मारत होती. तांदळाच्या पुंजक्यांवर पहिलं पाऊल पडलं. दुसरं पडलं. आणि तिथं आदिनाथ थांबला आणि मागं वळून बोलला.

"आई, तू उन्हात कशाला उभी हायेस? हिकडं सावलीत ये. सविता, सरक थोडी, आईला जागा दे."

पडद्यावर भामाबाई पदर सावरत सावलीला आली, सविताला खेटून उभी राहिली, आणि तिचा आवाज आला, "आले गं बाई. तू म्होरं बघ, आदी, पावलं चुकशील."

मग उरलेली पावलं पडली, एकेक करून, सगळी.

ज्ञानेश्वरच्या मागच्या बाकावर भामाबाई बसली होती. आजवरच्या साऱ्या तारखांना ती तिथंच बसत आली होती, मान खाली घालून. ती उठून उभी राहिली. ज्ञानेश्वरनं तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "त्येवढं परत लावा."

शिपाई तिला खाली बसवायला पुढं झाला. न्यायाधीशबाईंनी हातानं त्याला थांबवलं. "काय लावू?"

"त्यो बोलला त्येवढं."

परत लावलं. सावलीत ये. सविता, सरक थोडी, आईला जागा दे. भामाबाई पडद्याकडं न बघता डोळे मिटून ऐकत होती.

"ती उभी आहे ती तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

"व्हय. मीच."

"आणि ही कोण?" त्यांनी सविताकडं बोट केलं.

ज्ञानेश्वर जमिनीकडं बघत होता. भामाबाईनं डोळे उघडले. "माझी सून हाय. माज्या हातानं गाठ मारली मी. कागदाव अंगठा दिला त्यो खोटा दिला, साहेब." सविता धावत जाऊन तिच्याशेजारी उभी राहिली.

भामाबाईचा जबाब रीतसर लिहून घेतला. त्यापुढं सांगण्यासारखं फारसं राहिलं नाही. पुढच्या तारखेला सविता आदिनाथची लग्नाची बायको असल्याचा निकाल झाला. मच्छिंद्रला बाईंनी भर कोर्टात चांगलं खडसावलं आणि लेखी माफीवर सोडलं.

पण ज्या दिवशी ते कच्चं शूटिंग लागलं, त्याच दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर एक गोष्ट घडली. मच्छिंद्र कडेला उभा होता, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. सविताच्या खांद्याला धरून भामाबाई पायऱ्या उतरत होती. त्याला बघून ती थांबली. त्याला वाटलं, म्हातारी आता शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तर त्यानं त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या.

भामाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "माज्या आदीचा आवाज इतकी वर्सं तुज्या कपाटात हुता," ती म्हणाली, "आन तू आमाला गानी ऐकवत हुतास व्हय रं?"